एडवर्ड : एका नावाचा बाप्तिस्मा

बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे नाव काय ठेवावे, असा प्रश्न आपल्या पाळकांस व धर्मशिक्षकांस वारंवार विचारला जातो. या प्रश्नामागे पुष्कळदा एक समजूत दडलेली असते. जॉन, मेरी, विल्यम, एडवर्ड ही नावे ख्रिस्ती होत आणि वसंत, आनंद, सुशीला ही ख्रिस्ती नव्हेत, ही ती समजूत होय. यांपैकी जॉन व मेरी ही नावे मूळची पवित्र शास्त्रातील असल्यामुळे त्यांच्याविषयी वाद संभवत नाही. परंतु एडवर्ड हे नाव ना जुन्या करारात आहे, ना नव्या करारात. ते ख्रिस्ती कसे झाले, याचा शोध घेतला असता जे हाती लागते ते आपल्या मंडळ्यांना उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नावाचा अर्थ

एडवर्ड हे नाव प्राचीन इंग्रजी भाषेतील आहे. त्याचे मूळ रूप ‘एआदवेआर्द’ असे होते. अँग्लो-सॅक्सन लोकांत दोन शब्द जोडून नाव तयार करण्याची रीत होती. त्यानुसार ‘एआद’ म्हणजे धन, संपन्नता, सौभाग्य, आणि ‘वेआर्द’ म्हणजे रक्षक, असे या नावाचे दोन अवयव पडतात. एडमंड, एडविन, एडगर आणि स्त्रियांमधील ईडिथ या नावांतही हाच ‘एआद’ शब्द आहे. ही रीत इंग्रज लोक ख्रिस्ती होण्याच्या पूर्वीपासूनची आहे.

या ‘एआद’ शब्दापासून ‘एआदिग’ हे विशेषण बनले. त्याचा अर्थ संपन्न, भाग्यवान, सुखी. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास शुभवर्तमाने प्राचीन इंग्रजीत उतरविली गेली, तेव्हा डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी प्रभूने जो शब्द पुनःपुन्हा उच्चारला आहे, त्यासाठी भाषांतरकारांनी हाच ‘एआदिग’ शब्द घेतला. मराठी वाचकास यात एक ओळखीची खूण सापडेल. आपल्या शास्त्रात त्याच ठिकाणी ‘धन्य’ हा शब्द आहे, आणि ‘धन्य’ हा शब्दही ‘धन’ या शब्दापासूनच झालेला आहे. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांत संपत्तिवाचक शब्द शुभवर्तमानाच्या कामी आला, आणि दोहोंतही तो आत्म्याने दीन असणाऱ्यांस लावला गेला. शब्द मूळचा कोठला, यापेक्षा तो कोणाच्या सेवेत रुजू झाला यालाच येथे महत्त्व आहे. नावाविषयीही हेच म्हणता येईल.

बाप्तिस्मा झाला, नाव राहिले

रोमचा बिशप ग्रेगरी याने पाठविलेला ऑगस्टीन सन ५९७ मध्ये केंट येथे पोहोचला. तेथील राजा एथेलबर्ट याने पुढे बाप्तिस्मा घेतला, पण त्याचे नाव एथेलबर्टच राहिले. त्याच्यामागून आलेल्या राजांनी, मठवासीयांनी, बिशपांनी व सामान्य जनांनीही बहुतांशी आपली मूळचीच नावे ठेवली. अपवाद होते. वेसेक्सचा राजा कॅडवाला याने राज्य सोडले आणि रोमला जाऊन सन ६८९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यास पेत्र हे नाव देण्यात आले. परंतु याहून बोलके उदाहरण सन ८७८ मधील आहे. डेन लोकांचा सेनानी गुथ्रम हा राजा आल्फ्रेडकडून पराभूत झाला व त्याने बाप्तिस्मा स्वीकारला. आल्फ्रेड स्वतः त्याचा धर्मपिता झाला. त्या प्रसंगी गुथ्रमला जे नवे नाव मिळाले ते पेत्र नव्हते की पौल नव्हते. ते एथेलस्टन हे अस्सल इंग्रजी नाव होते. त्या काळच्या इंग्रज ख्रिस्ती जनांस आपल्या मातृभाषेतील नावे ख्रिस्ती जीवनास अपुरी वाटत नव्हती, हे यावरून उघड होते.

प्रेषितांच्या काळातील मंडळीतही असेच आढळते. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात जिची शिफारस केली आहे त्या फिबीचे नाव ग्रीक पुराणकथांतील आहे. त्याच अध्यायातील हर्मेस, करिंथ येथे उपदेश करणारा अपुल्लोस आणि फिलिप्पैकरांचा सेवक एपफ्रदीत यांची नावे तर सरळसरळ ग्रीक देवदेवतांवरून पडलेली आहेत. पौलाने त्यांपैकी कोणालाही नाव बदलण्यास सांगितल्याचा उल्लेख नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी भेटणारा फर्तूनात याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘भाग्यवान’ असा आहे. अर्थाच्या दृष्टीने तो एडवर्डचा जवळचा आप्तच म्हणावा लागेल.

विजेत्यांच्या राज्यात

आल्फ्रेडच्या मुलाचे नाव एडवर्ड होते. त्याने सन ८९९ ते ९२४ पर्यंत राज्य केले. याच घराण्यातील दुसरा एडवर्ड सन ९७८ मध्ये कोवळ्या वयात कॉर्फ येथे मारला गेला व लोक त्यास रक्तसाक्षी मानू लागले. तिसरा एडवर्ड इतिहासात ‘कन्फेसर’ या उपपदाने ओळखला जातो. ज्याने रक्त न सांडता जीवनाने विश्वासाची साक्ष दिली, त्यास ही संज्ञा लावतात. तो सन १०४२ मध्ये राजा झाला. त्याने बांधविलेल्या वेस्टमिन्स्टर येथील मंदिराचे समर्पण २८ डिसेंबर १०६५ रोजी झाले आणि ५ जानेवारी १०६६ रोजी तो मरण पावला.

त्याच वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. या विजयाचा परिणाम नावांवर झाल्यावाचून राहिला नाही. राज्यकर्ते, जमीनदार व वरिष्ठ धर्माधिकारी यांची नावे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री अशी होती. ती प्रतिष्ठेची ठरली. जित लोकांनी दोन-तीन पिढ्यांतच आपल्या मुलांस ही नावे देण्यास सुरुवात केली. बाराव्या शतकात एका मेजवानीस केवळ विल्यम नावाचेच शंभराहून अधिक सरदार जमले होते, असे एका समकालीन इतिवृत्तकाराने नमूद केले आहे. तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेकडो इंग्रजी नावे व्यवहारातून नाहीशी झाली. ज्यांचे राज्य गेले त्यांची नावेही खेडवळ वाटू लागली. हा अनुभव केवळ इंग्लंडचा नव्हे, हे सांगावयास नको.

एडवर्ड हे नाव मात्र टिकले. याचे एक कारण राजकीय होते. आपण कन्फेसरचे न्याय्य वारस आहोत असा विल्यमचा दावा होता, त्यामुळे त्या राजाची स्मृती पुसून टाकणे नॉर्मन राजांस परवडणारे नव्हते. दुसरे कारण धार्मिक होते. सन ११६१ मध्ये पोप तिसरा अलेक्झांडर याने एडवर्डला संत म्हणून घोषित केले. राजा तिसरा हेन्री याची या संतावर विशेष भक्ती होती. सन १२३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्याने एडवर्ड ठेवले. सरदारवर्ग फ्रेंच बोलत असता राजपुत्रास जित लोकांच्या भाषेतील नाव मिळाले. सन १२४५ पासून हेन्रीने वेस्टमिन्स्टरचे मंदिर नव्याने बांधविण्यास घेतले व त्याच वर्षी जन्मलेल्या दुसऱ्या मुलास एडमंड हे इंग्रज संताचेच नाव दिले.

हा थोरला मुलगा म्हणजे पहिला एडवर्ड. त्याच्यामागून पुत्र व नातू याच नावाने गादीवर आले. १२७२ ते १३७७ अशी एकशे पाच वर्षे इंग्लंडच्या सिंहासनावर एडवर्ड हेच नाव होते. राजवाड्यातील नाव झोपडीत उतरले व पुढील सर्व शतकांत इंग्लंडमधील नेहमीच्या नावांत त्याची गणना होत राहिली. नेड, टेड, एडी ही त्याची घरगुती रूपे त्या लोकप्रियतेची साक्ष देतात.

नाव आणि करणी

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. संताचे नाव धारण केल्याने संतपण येत नाही. ज्या पहिल्या एडवर्डला त्याच्या भक्तिमान पित्याने हे नाव दिले, त्यानेच सन १२९० मध्ये सर्व यहूद्यांस इंग्लंडमधून हाकलून दिले. पुढे साडेतीन शतकांहून अधिक काळ त्यांस तेथे उघडपणे राहता आले नाही. याउलट सहावा एडवर्ड नऊ वर्षांचा असता राजा झाला व पंधराव्या वर्षी वारला, तरी त्याच्या अल्प कारकिर्दीत, सन १५४९ मध्ये, इंग्रजी प्रार्थनापुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील प्रश्नोत्तरावलीचा पहिलाच प्रश्न शिकणाऱ्यास त्याचे नाव विचारतो आणि पुढचा प्रश्न ते नाव कोणी दिले हे विचारतो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांनी, असे त्याचे उत्तर आहे. तेथे नावाचा अर्थ विचारलेला नाही, मूळ भाषाही विचारलेली नाही. नाव कोणत्या प्रसंगी मिळाले आणि त्याबरोबर कोणती अभिवचने दिली गेली, एवढेच विचारले आहे.

नावाचा प्रवास आपल्या किनाऱ्यापर्यंत

हे नाव हिंदुस्थानात प्रथम इंग्रजांबरोबर आले, असे कोणासही वाटेल. वस्तुतः ते त्यांच्या कितीतरी आधी, वेगळ्या वेषात आले. तिसऱ्या एडवर्डची नात फिलिपा हिचा विवाह सन १३८७ मध्ये पोर्तुगालचा राजा जुवांव याच्याशी झाला. सन १३९१ मध्ये झालेल्या आपल्या मुलास तिने पणजोबांचे नाव दिले. पोर्तुगीज उच्चारात ते ‘दुआर्त’ झाले. हा दुआर्त पुढे राजा झाला. आपल्या पश्चिम किनाऱ्याचे वर्णन सुमारे १५१६ साली लिहून ठेवणारा दुआर्त बार्बोझा आणि सन १५२२ ते १५२४ या काळात गोव्यात गव्हर्नर असलेला दुआर्त द मेनेझिस हे दोघेही या नावाचेच धनी. गोव्यात दुआर्त हे आडनाव म्हणूनही रूढ झाले. ते धारण करणाऱ्या किती जणांस त्याचे मूळ इंग्लंडात आहे हे ठाऊक असेल?

इंग्रजी अमदानीत हे नाव सरकारी थाटाने आले. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्बर्ट एडवर्ड याने सन १९०१ मध्ये राजा होताना आल्बर्ट हे नाव गाळून एडवर्ड एवढेच ठेवले. सन १९१० मध्ये तो मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ उभे राहिलेले मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय सन १९२६ मध्ये सुरू झाले. इंदूरच्या वैद्यकीय विद्यालयासही त्याचेच नाव होते. त्याच सुमारास आपल्या मंडळ्यांतही एडवर्ड हे नाव घरोघरी झाले. मिशनच्या अनाथालयांतील मुलांस परदेशी देणगीदारांची नावे देण्याचीही प्रथा होती. विजेत्यांची नावे प्रतिष्ठेची वाटण्याचा जो प्रकार नॉर्मन काळात इंग्रजांच्या वाट्यास आला होता, तोच इंग्रजांच्या राज्यात आपल्या वाट्यास आला.

आपल्यापुढील प्रश्न

तथापि आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळांनी याचा विचार केला होता. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा सन १८५४ मध्ये बेळगावी झाला आणि ते बाबा पदमनजीच राहिले. नारायण वामन टिळक यांनी सन १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, पण नावाचे एक अक्षरही बदलले नाही. नीळकंठशास्त्री गोरे यांनी सन १८४८ मध्ये नहेम्या हे नाव घेतले, तरी नीळकंठ हे नाव टाकले नाही. पंडिता रमाबाईंस सन १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी मेरी रमा हे नाव मिळाले, परंतु जग त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखते. या चौघांपैकी कोणाचाही विश्वास नावावरून तोलण्याचे धाडस कोण करील?

रोमन कॅथलिक मंडळीच्या कायद्यातही याबाबत विचार पुढे गेलेला दिसतो. सन १९१७ च्या संहितेनुसार बालकास ख्रिस्ती नाव मिळेल असे पाहणे, आणि ते न जमल्यास आईबापांनी दिलेल्या नावास एखाद्या संताचे नाव जोडणे, हे धर्मगुरूचे कर्तव्य होते. सन १९८३ च्या संहितेत नाव ख्रिस्ती भावनेस परके नसावे, एवढीच अपेक्षा उरली आहे.

तेव्हा नाव विचारावयास येणाऱ्या आईबापांस पाळकाने दोन गोष्टी विचाराव्यात. या नावाचा अर्थ बालकास लाज आणणारा नाही ना, ही एक. आणि या नावाने त्याने कोणाचे स्मरण करावे असे तुम्हांस वाटते, ही दुसरी. त्यांनी आजोबांच्या स्मरणार्थ एडवर्ड म्हटले तर तेच नोंदवहीत आनंदाने लिहावे. ज्या आजोबांनी त्या नावाने विश्वास राखला, त्यांनी ते आपल्या घराचे केले आहे. त्यांनी आनंद किंवा सुशीला म्हटले तर तेही तितक्याच आनंदाने लिहावे, आणि ‘ख्रिस्ती नाव सांगा’ असे म्हणून त्यांस परत पाठवू नये. एकेकाळी एडवर्ड हेही एका नवख्रिस्ती लोकसमूहाच्या मातृभाषेतील साधे नाव होते. ते धारण करणाऱ्यांनी ख्रिस्ताचा अंगीकार केला, म्हणून ते ख्रिस्ती झाले. मराठी नावांच्या बाबतीत हेच कार्य आपल्या मंडळीच्या हातून होत आहे व पुढेही व्हावयाचे आहे.