हिरव्या पुटाखालचा रोम

चौथ्या शतकातले रोमन कांशाचे नाणे जमिनीतून निघते, तेव्हा ते नाणे आहे असे वाटतच नाही. अंगठ्याच्या नखाएवढा एक मातकट खडा. कुठे हिरवी झाक, कुठे काळपट पुट, एखाद्या कडेला गंजाचा फोड आलेला. युरोप-अमेरिकेत असे खडे शंभर-शंभरांच्या हिशेबाने विकले जातात आणि फावल्या वेळात ते साफ करण्याचा छंद पुष्कळांना असतो. श्रोतेहो, ऐकायला हा भांडी घासण्याचा प्रकार वाटेल. पण या घासण्यात इतिहास वाचताही येतो आणि पुसूनही टाकता येतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द.

इतकी नाणी जमिनीत गेली कशी? तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्याची चांदी आटली. नाव चांदीच्या नाण्याचे, आत जवळजवळ सगळे तांबे, वर चांदीचा नुसता मुलामा, अशी नाणी टांकसाळींतून ढिगांनी बाहेर पडली. सम्राट डायोक्लेशियनने इ. स. २९४ च्या सुमारास मोठे नवे नाणे काढून घडी बसवायचा प्रयत्न केला. काही वर्षांत तेही आकसत गेले. हातातून पडले तर वाकून उचलायचाही कुणी त्रास घेऊ नये, इतके ते हलके झाले. उलट, ज्याच्यापाशी साठले त्याने मडक्यात भरून पुरले, कारण बँक नव्हती आणि सैन्ये मात्र दारावरून जात होती.

पुट निघाले की खाली काय दिसते? नेहमी सापडणारा एक नमुना सांगतो. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवता, दुसऱ्या बाजूला दोन बाळांना पाजणारी लांडगी, वर दोन तारे. कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३० मध्ये नव्या राजधानीची प्रतिष्ठापना केली, त्या सुमारास हे नाणे निघू लागले. राजधानी हलवली, पण जुन्या रोमचा मान राखला, हे प्रजेला असे अडीच ग्रॅम तांब्यावरून कळवले! लांडगीच्या पायाखाली बारीक अक्षरे असतात. 'एस्-आय्-एस्' अशी तीन लागली, तर नाणे सिस्किया गावच्या टांकसाळीचे, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या सिसाकचे. ही तीन अक्षरे एक मिलिमीटरभर उंच असतात, आणि घाई करणाऱ्याकडून आधी जातात ती हीच.

याचे कारण धातूतच आहे. सोळा-सतरा शतके ओल्या मातीत राहिल्यावर नाण्याचा पृष्ठभाग धातूचा उरत नाही. तांब्याचा ऑक्साइड होतो, तो तांबूस. त्यावर कार्बोनेट चढते, ते हिरवे. सम्राटाचे नाक, केस, अक्षरे पुष्कळदा या हिरव्या-तांबूस थरातच शिल्लक असतात, खालच्या धातूत नसतात. आपल्याकडे तांब्या काळवंडला की चिंच लावायची, हे हाताला इतके सवयीचे, की नाण्यालाही चिंच-लिंबू लावावेसे वाटेल. लावू नये. आंबटाने पुट विरघळते आणि त्याच्याबरोबर चित्रही विरघळते. उरते ती खड्डे पडलेली गुलाबी चकती. ती चकाकते खरी, पण तिच्यावर वाचायला काही नसते.

मग करायचं काय? ऊर्ध्वपातित पाण्यात नाणी भिजत टाकायची, पाणी बदलत राहायचं आणि वाट पाहायची. आठवडे जातात, कधी महिने. मऊ ब्रश, बांबूची टोकदार काडी, भिंग आणि नेमका हात असेल तर सुई. कित्येक छंदी लोक ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवतात. पण तेलातली आम्लेही पुट हळूहळू खातात, म्हणून संग्रहालयातले जाणकार तो उपाय पसंत करत नाहीत. मला विचाराल तर पाणी आणि काडी यांपलीकडे नवशिक्याने जाऊच नये.

एक दुखणे मात्र वाट पाहून बरे होत नाही. मातीतल्या खारांमधून आलेले क्लोराइड धातूत दडून बसते. बाहेर काढलेल्या नाण्याला दमट हवा लागली की त्यातून आम्ल तयार होते, ते नवे तांबे खाते आणि त्यातून पुन्हा आम्ल. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. झटकली तरी परत येते. संग्राहक याला कांशाचा रोगच म्हणतात. असे नाणे वेगळे काढून कोरडे ठेवावे लागते. त्यावर १९६७ पासून बेंझोट्रायझोल नावाचे रसायन वापरतात. पण ते अपायकारक, घरच्या मोरीत हाताळायचे नव्हे.

आता मुख्य गोष्ट. एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ एका गृहस्थाला धातुशोधक यंत्राने एक मडके लागले. वरची काही नाणी दिसताच त्याने खणणे थांबवले आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवले. त्यांनी मडके थराथराने रिकामे केले आणि प्रत्येक थर वेगळा बांधला. भरली ५२,५०३ नाणी, वजन सुमारे १६० किलो. ब्रिटिश म्यूझियममध्ये ती धुऊन सुकवल्यावर लक्षात आले, की त्यातली सर्वांत नवी, म्हणजे कॅरॉसियस या बंडखोर सम्राटाची नाणी, वर नव्हती. बरीच खाली होती. वर्षानुवर्षे थोडी-थोडी शिल्लक टाकत गेले असते, तर नवे वर असते. म्हणजे मडके एकदमच भरले असावे. ही देवाला वाहिलेली ठेव असेल, असा तर्क त्यावरून निघाला. तो सर्वांना पटलेला नाही. पण त्या माणसाने घरी नेऊन बादलीत ओतली असती, तर वाद घालायलाही काही उरले नसते.

बाजारात किलोवर मिळणाऱ्या खड्यांचे हेच झालेले असते. बाल्कन देशांत रात्री शेते उकरून काढलेली नाणी सीमेपार जातात. कोणत्या मडक्यातली, कोणत्या घराच्या जोत्याखालची, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. म्हणून विकत घेताना मूळ ठिकाण आणि परवाना विचारावा; सांगता येत नसेल, तर पाकीट परत द्यावे.

आपल्या देशातही, मुख्यतः तामिळनाडूत, उत्तरकालीन रोमन काळाची छोटी, झिजलेली तांब्याची नाणी निघतात. इथे कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे असते. आणि तेही मडक्याला पाणी लावण्याआधी.