संस्कृती म्हणजे सिव्हिलायझेशन का?

कॅलिफोर्नियात मूल सहावीत गेलं की घरात प्राचीन जगाचं एक जाडजूड पुस्तक येतं. मेसोपोटेमिया, इजिप्त, भारत, चीन, ग्रीस, रोम असा सगळा प्रवास एका वर्षात, आणि प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला ठळक अक्षरांतले शब्द. पॅलिओलिथिक, निओलिथिक, डोमेस्टिकेशन, सिव्हिलायझेशन. ते शब्द मुलांबरोबर आपल्यालाही पाठ होतात. आमच्या कन्येला मी त्यांचे मराठी अर्थ सांगत होतो. अश्मयुग, नवाश्मयुग, पशुपालन इथपर्यंत गाडी सुरळीत चालली. सिव्हिलायझेशनला "संस्कृती" म्हटलं, तर तिने लगेच विचारलं, "मग कल्चरला काय म्हणायचं?" कल्चरलाही आपण संस्कृतीच म्हणतो. पुढचा प्रश्न जास्त अवघड होता: "आणि महाराष्ट्रात कुठलं सिव्हिलायझेशन होतं?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर या शब्दांतच दडलेलं आहे, म्हणून आधी थोडं शब्दांविषयी.

दगड, कांस्य आणि लोखंड ही तीन युगं ठरवली ती डेन्मार्कच्या ख्रिश्चन थॉमसन यांनी. कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या वस्तू कशा मांडायच्या हा त्यांचा साधा, व्यावहारिक प्रश्न होता. त्यांचं पुस्तक १८३६ मध्ये आलं आणि ती मांडणी जगभर पसरली. "नवाश्मयुगीन क्रांती" हा शब्द गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने १९३६ मध्ये रूढ केला. माणूस शिकार आणि कंदमुळं सोडून शेती करू लागला, ती क्रांती. १९५० मध्ये त्यांनीच "नागरी क्रांती"ची दहा लक्षणं सांगितली: मोठी वस्ती, साठवलेलं धान्य, कर, भव्य इमारती, लेखन, दूरचा व्यापार वगैरे. शाळेच्या पुस्तकात सिव्हिलायझेशनची जी यादी असते, तिचं मूळ बरंचसं इथे आहे. शब्दाचं मूळही शहरातच, कारण लॅटिनमध्ये सिव्हिस म्हणजे नागरिक. म्हणून आपले जाणकार लेखक "नागरी संस्कृती" असं लिहितात. आपण मात्र बोलताना "नागरी" गाळतो. त्यामुळे हडप्पाही संस्कृती आणि जोर्वेही संस्कृतीच. इंग्रजीत पहिली सिव्हिलायझेशन आणि दुसरी नुसती कल्चर.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. पुरातत्त्वात एक रीत आहे. विशिष्ट घडणीची भांडी, घरं, हत्यारं जिथे प्रथम ओळखली गेली, त्या गावाचं नाव सगळ्या संस्कृतीला मिळतं. जोर्वेची भांडी तांबूस, त्यांवर काळी भौमितिक नक्षी, आणि काहींना लांब तोटी. तशी भांडी मग तापी, गोदावरी, भीमेच्या खोऱ्यांत ठिकठिकाणी सापडली. ही माणसं दगडाची पाती आणि तांबं दोन्ही वापरत, म्हणून हा काळ ताम्रपाषाणयुग. थॉमसनच्या तीन कप्प्यांत तो नीट बसत नाही, हे मला विशेष आवडतं.

या काळाचं सगळ्यात भरलेलं चित्र मिळालं ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दशकाहून अधिक काळ तिथे खोदलं. सांकलियांबरोबर डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी होते. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. मातीच्या भिंतींची चौकोनी घरं, नदीचं पाणी वळवणारा बांध आणि पाट, धान्याचं कोठार. मुख्य पीक जव. शिवाय गहू, मसूर, वाटाणा, आणि बोरं, आवळे, जांभळं. भोगीच्या भाजीत आपण बोरं घालतो तेव्हा मला इनामगाव आठवतं, पण ते जाऊ द्या.

मन थांबतं ते तिथल्या दफनांपाशी. मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, राहत्या घराच्या जमिनीखाली आडवं पुरत. म्हणजे त्याच्यावरच घरच्यांचं रोजचं उठणं-बसणं. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून मग त्यांना पुरलेलं आढळतं. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या आजीच्या गोष्टींत भुताचे पाय उलटे असायचे! त्यांचा इथे संबंध जोडायला पुरावा काहीच नाही. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक प्रौढ पुरुष सापडला. घर मोठं, शेजारी कोठार, दफन वेगळं. गावात कोणीतरी मुखिया होता, असं यावरून मानतात. चाइल्डच्या यादीतली एक-दोन लक्षणं इथे होती, शहर मात्र नव्हतं.

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये गावातल्या एका माणसाला खणताना चार कांस्यशिल्पं मिळाली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. वजन एकूण साठ किलोंच्या वर. ती उत्तर हडप्पाकालीन आहेत असं बरेच जण मानतात, काहींना ते मान्य नाही. दायमाबादला उत्तर हडप्पाचा थर आहे, एवढं मात्र पक्कं. म्हणजे सिव्हिलायझेशन आणि कल्चर प्रवरेच्या काठी एकमेकांना भेटली होती.

इ.स.पू. १००० च्या सुमारास उत्तरेकडची जोर्वे गावं ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारखी काही तगली, पण घरं लहान, गोल झोपड्यांची झाली. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला, शेती सुटली, माणसं मेंढरांमागे फिरू लागली. महाराष्ट्रातल्या दुष्काळाची ही जुनी नोंद म्हणायची.

मुलीच्या पुस्तकातला "प्रीहिस्टरी" हा शब्दही इथे नीट कळतो. इतिहासपूर्व काळ म्हणजे लेखनाआधीचा, आणि तो प्रत्येक प्रदेशात वेगळ्या वेळी संपतो. सुमेरमध्ये तो इ.स.पू. ३२०० च्या आसपास संपला. हडप्पाच्या लोकांना लिपी होती, पण ती आपल्याला वाचता येत नाही. म्हणून त्यांचा काळ मधला, आद्य-ऐतिहासिक. इनामगावच्या माणसांनी काहीच लिहून ठेवलं नाही. ती जमीन सोडून गेल्यावर साडेचारशे वर्षांनी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, नालासोपाऱ्याला अशोकाच्या आज्ञा दगडावर कोरल्या गेल्या. त्यांतला एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. इनामगावची मडकी पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात बघायला मिळतात. डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाणार असाल, तर आधी पुणं करा, मग मुंबई. क्रम तोच बरा.