विजेची लेखणी

पदार्थाचे बळ त्याच्या अंतरंगात असते. परंतु जगाशी त्याचा व्यवहार चालतो तो पृष्ठभागावर. शाई धरणे, रंग टिकणे, डिंक चिकटणे, पाणी पसरणे हे सारे वरच्या अतिसूक्ष्म थरावर अवलंबून असते. हा थर विजेने पालटण्याची कला आज उद्योगांत रूढ झाली आहे. तिचा उगम मात्र अगदी निराळ्या प्रयत्नात झाला.

जर्मन संशोधक वेर्नर सीमेन्स यांनी १८५७ मध्ये ओझोन वायू तयार करण्यासाठी एक उपकरण रचले. एकात एक बसविलेल्या काचेच्या दोन नळ्या, त्यांवर धातूचा पातळ पत्रा आणि मधल्या अरुंद पोकळीतून वाहणारा प्राणवायू, अशी त्याची रचना होती. काच आड आल्यामुळे विजेचा मोठा लोळ उठत नसे. असंख्य क्षणजीवी ठिणग्या उमटत आणि विझत. विजेला लगाम घालण्याची पहिली युक्ती ती हीच.

पुढे १८८९ मध्ये फ्रीड्रिख पाशेन यांनी दुसरे मर्म दाखवून दिले. वायूतून वीज उसळण्यास किती व्होल्ट लागतात, हे वायूचा दाब आणि दोन टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणजे विजेला सौम्य करण्याचे दोन मार्ग झाले: वायू विरळ करावा, अथवा अंतर घटवावे. नेहमीच्या हवेत हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे शतांश भागावर आणले, की साधारण ३३० व्होल्ट पुरतात. अशा विद्युत्भारित वायूला इर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये 'प्लाझ्मा' हे नाव दिले.

उद्योगाला त्याची निकड भासली ती प्लॅस्टिकमुळे. १९३३ मध्ये इंग्लंडात सापडलेले पॉलिथीन स्वस्त व टिकाऊ ठरले. पण त्यावर छापलेली शाई बोटाने पुसली जाई. १९५१ मध्ये डेन्मार्कचे व्हेर्नर आइस्बी यांनी त्यावर विजेचा उतारा शोधला. उच्च दाबाच्या विद्युत्टोकाखालून पॉलिथीनचा पातळ पापुद्रा सरकत गेला, की हवेतील प्राणवायूचे अणू त्याच्या पृष्ठभागाशी जोडले जात आणि शाई घट्ट बसे. बदल होई तो मिलिमीटरच्या एखाद्या लक्षांशात. आतला पदार्थ जसाच्या तसा राही. हा गुण काळाबरोबर ओसरतो, म्हणून छपाई लवकर उरकावी लागते.

तथापि या ठिणग्या सर्वत्र सारख्या पडत नसत. एकसारखा प्रकाश हवा, तर हवा उपसून निर्वात पेटी करावी लागे, आणि तो खर्च लहान कारखान्यास झेपणारा नव्हता. ही अडचण टोकियोत दूर झाली. जेझुइट धर्मगुरूंनी स्थापिलेल्या तेथील सोफिया विद्यापीठात साचिको ओकाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम वायू, विद्युत्रोधक पट्टी आणि योग्य वारंवारतेचा प्रवाह यांचा मेळ घातला. हवेच्या नेहमीच्या दाबालाच शांत, एकसंध प्लाझ्मा मिळाल्याचे त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले.

सूक्ष्म प्लाझ्माने छपाई करणारे यंत्र ही त्यापुढची पायरी होय. सुयांची रांग पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते. संगणक सांगेल त्याच ठिकाणी, सांगेल त्याच सुईतून प्लाझ्मा उमटतो. साच्याची गरज उरत नाही. एकाच काचेवर एक रेघ पाणी ओढून घेणारी, तर शेजारची पाणी झिडकारणारी करता येते. वायूत योग्य रसायनाची वाफ मिसळली, तर तेवढ्याच जागी नवा लेपही चढतो.

भारतातही या विद्येने पाऊल टाकले आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा सशाच्या लोकरीवर हा प्रयोग केला. ही लोकर उबदार, पण इतकी गुळगुळीत की सूत कातताना तंतू निसटतात. प्लाझ्माने तंतूंना किंचित खडबडीतपणा येतो आणि ते एकमेकांना धरून राहतात. त्यासाठी पाणी लागत नाही, की रंगीत सांडपाणी ओढ्यात सोडावे लागत नाही.

हेलियम महाग आहे. ओझोन श्वासात गेल्यास अपायकारक असल्याने त्याच्या निचऱ्याची सोयही ठेवावी लागते. तरीही काचेच्या आडोशाने आणि केसाहून बारीक अंतराने आवरलेली ही वीज आज कारागिराच्या उपयोगी पडते. आकाशात जी घरे जाळते, तीच येथे पॉलिथीनच्या पिशवीवरचे अक्षर टिकविते.