टंचाईच्या पोटी जन्मलेली समिती

मोठ्या रुग्णालयात औषधांवर देखरेख करणारी एक समिती असते. डॉक्टर, फार्मासिस्ट, परिचारिका तिच्यात बसतात. जपून वापरायचं अँटिबायोटिक कुणाच्या सहीने निघेल, सारख्या दिसणाऱ्या दोन व्हायल किती लांब ठेवायच्या, पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र इंजेक्शन वॉर्डात असावं का, कोणत्या गोळीने कुणाला रिॲक्शन आली, हे सगळं ती पाहते. तिचा जन्म 1930च्या दशकातल्या अमेरिकेत झाला, असं सांगतात. औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅचर यांनी न्यूयॉर्क हॉस्पिटलसाठी निवडक औषधांची यादी केली, पुढे समित्या आल्या, 1965 साली त्या रुग्णालयांच्या मान्यतेच्या अटींत गेल्या.

ही वंशावळ मला पटत नाही. समितीचा प्राण म्हणजे तिची निवडक औषधांची यादी, आणि अशी यादी फार जुनी आहे.

1778च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावी, मोराव्हियन पंथीयांच्या इमारतीतल्या लष्करी रुग्णालयात, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्यासाठी औषधांची एक लॅटिन पुस्तिका तयार झाली. अवघी 32 पानं. कर्त्याचं नाव पहिल्या आवृत्तीवर नव्हतं. 1781च्या दुसऱ्या आवृत्तीवर आलं: डॉ. विल्यम ब्राऊन. तिचं शीर्षकच लांबलचक आहे. औषधं साधी नि गुणकारी आहेत, आणि शत्रूच्या क्रौर्याने व अचानक लादलेल्या युद्धाने ओढवलेल्या आजच्या टंचाईला ती जुळवून घेतली आहेत, असं ते उघड सांगतं. कोणती औषधं मध्यवर्ती प्रयोगशाळेत बनवायची आणि कोणती रुग्णालयात लागतील तशी मिसळायची, हेही पुस्तिकेत वेगळं दाखवलं आहे. आजच्या समितीचं मूळ कामही हेच नाही का?

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: ब्राऊनने एडिंबराच्या औषधसंहितेतून भरपूर उचललं, तेव्हा यात नवं काय? उचललं, हे खरंच. तो एडिंबरालाच शिकला होता. पण त्याच शहरात 1746 साली रॉयल इन्फर्मरीसाठी एक वेगळी पुस्तिका निघाली होती, आणि तिच्या शीर्षकातच ती गरिबांसाठी असल्याचं म्हटलं होतं. शहराची संहिता श्रीमंत आणि गरीब दोघांच्या वैद्यांसाठी; ही मात्र धर्मादाय रुग्णालयाच्या तिजोरीला परवडेल अशी. ब्राऊनने विद्यार्थिदशेत ती हाताळली असणारच. मग आक्षेप माझ्याच बाजूचा पुरावा ठरतो: आधी गरिबी, मग युद्ध, दोन्हीकडे टंचाई.

पुढचा दुवा तर मला फारच आवडतो. 1816 साली न्यूयॉर्क हॉस्पिटलने स्वतःची औषधसंहिता छापली. ती रचणाऱ्या दोघांपैकी सॅम्युएल मिचिल हेही एडिंबराचेच पदवीधर. हॅचर यांनी यादी केली तीही याच रुग्णालयात. म्हणजे त्यांनी रोप लावलं नाही, जुन्या झाडाची छाटणी केली. त्यांनी शास्त्र आणलं, यात वाद नाही. निरुपयोगी मिश्रणं शास्त्राने हाकलली. पण मुळात दार बंद करण्याची गरज भासली ती पैसा आणि औषधं अपुरी होती म्हणून.

आपल्याकडे हाच धागा औषध उद्योगावरच्या सरकारी हाथी समितीच्या 1975च्या अहवालात दिसतो. तिने 117 आवश्यक औषधं निवडली, जागतिक आरोग्य संघटनेच्या 1977च्या यादीच्या दोन वर्षं आधी. मात्र नुसती यादी पुरत नाही. 1986च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. ग्लिसरीन कोणत्याही यादीत बसेल असं जुनं, साधं औषध. घात झाला तो ते कुठून, कसं आलं आणि कुणी तपासलं इथे. न्या. लेंटिन आयोगाने खरेदी आणि तपासणीतली कीड उघडी केली.

म्हणून आपल्या गावच्या रुग्णालयात गेलात तर एवढं जरूर विचारा: इथे औषध समिती आहे का, आणि ती शेवटची कधी बसली?