पारकर कुठे राहतात?

रामनाथ पारकर आणि गुलाम पारकर, दोघेही मुंबईचे सलामीवीर आणि दोघेही भारताकडून कसोटी खेळलेले. आडनाव एकच, धर्म वेगळे. शहरातले मुसलमान किती एकवटून राहतात हे मोजू पाहणाऱ्याला अशी कोकणी आडनावं हमखास चकवतात.

वस्त्यांची फारकत मोजायची रीत अमेरिकेतली. तिथे काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या अलग होत्या. त्या किती अलग, हे सांगणारी अनेक सूत्रं १९४०च्या दशकात पुढे आली. १९५५ साली ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डंकन यांनी ती एकमेकांशी ताडून पाहिली. त्यानंतर ‘भिन्नता निर्देशांक’ हे माप रूढ झालं.

समजा, शहरात दोनच वॉर्ड आहेत. ८० टक्के मुसलमान पहिल्यात, २० टक्के दुसऱ्यात. इतरांचं नेमकं उलट. प्रत्येक वॉर्डातला फरक ६०, बेरीज १२०, तिची निम्मी ६०. म्हणजे वाटणी सारखी व्हायला एका समाजातल्या ६० टक्के लोकांना बिऱ्हाड हलवावं लागेल. शून्य म्हणजे पूर्ण सरमिसळ, १०० म्हणजे पूर्ण फारकत.

भारतात गाडं अडलं आकड्यांपाशी. जनगणना अनुसूचित जातींची संख्या वॉर्डवार छापते, धर्माची नाही.

मग संशोधक नावांकडे वळले. राफाएल सूझविंड यांनी ११ शहरांच्या मतदारयाद्या घेतल्या आणि नावावरून धर्म ओळखायचं काम संगणकावर सोपवलं. पुढे सॅम अ‍ॅशर, पॉल नोवोसाद आणि सहकाऱ्यांनी सामाजिक-आर्थिक गणनेच्या आधारे देशभरातल्या सुमारे १५ लाख वस्त्या तपासल्या. शहरांतले २६ टक्के मुसलमान अशा वस्त्यांत राहत होते, जिथे ८० टक्क्यांहून जास्त लोक मुसलमानच होते. त्या वस्त्यांत सरकारी शाळा आणि दवाखानेही कमी निघाले. मोजणीचं मोल इथे कळतं: शाळा कुठे हवी, हे त्यातून नेमकं दाखवता येतं.

पण माप कुठवर न्यायचं, हा प्रश्न मुंबईकरांना चांगलाच भिडतो. १९९२-९३च्या दंगलींनंतर असंख्य मुसलमान कुटुंबं मुंबई सोडून मुंब्र्याला गेली. मुंब्रा ठाणे महापालिकेत येतं. फक्त मुंबईचा निर्देशांक काढला, तर लोकलने रोज मुंबईला कामाला येणारी ही माणसं त्या हिशोबात कुठेच दिसत नाहीत.