घाटातला उतार आणि ब्रेक ऑइल

भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरताना किंवा वेल्ह्याच्या डोंगररस्त्यांवर आपण मोटारसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक दोन बोटांनी दाबतो. बोटांचा तो जोर चाकापर्यंत नेतो नळीतला थोडासा द्रव. हे काम त्याच्याकडे आले कसे?

कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने मांडले. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली निघाला. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावरून दाबयंत्र केले : लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला की मोठ्या दट्ट्यावर पुष्कळ मिळतो. वाहनाच्या ब्रेकसाठी माल्कम लॉकहीडने अमेरिकेत १९१७ साली पेटंट घेतले. पण सुरुवातीचे ब्रेक गळत. १९२४च्या क्रायसलर मोटारीत रबरी सील आले आणि ही अडचण बरीच दूर झाली. १९६९च्या होंडा सीबी ७५० मोटारसायकलला पुढे असाच द्रवचलित डिस्क ब्रेक होता.

गळती थांबली, पण पाणी हा शत्रू उरला. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते बहुधा तेल नसतेच; ते ग्लायकॉल वर्गातले असते आणि हवेतले बाष्प शोषते. ताज्या 'डॉट ४' द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की १५५° एवढाच भरवसा उरतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर कॅलिपर तापते, द्रव उकळतो, वाफ होते. द्रव जवळजवळ दबत नाही, वाफ सहज दबते. मग लिव्हर मुठीला टेकते, पण चाक थांबत नाही!

म्हणून साधारण दोन वर्षांनी हा द्रव बदलावा, तोही नव्या, सीलबंद बाटलीतला. हवा काढताना लिव्हर दाबून निपल उघडावे, द्रव बाहेर पडू द्यावा, निपल बंद करावे आणि मगच लिव्हर सोडावी. क्रम चुकला तर हवा आत ओढली जाते. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नये. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल आत गेले तर रबरी सील फुगतात. एबीएस असलेली गाडी गॅरेजमध्येच न्यावी. शेवटी सपाट रस्त्यावर ब्रेक तपासावा, मगच घाट.

वर्गात सुईविना दोन सिरिंज नळीने जोडा, पाणी भरा, दाबून पाहा. मग एक बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा दाबा. फरक मुलांच्या बोटांनाच कळेल.