अक्षरालेख

ग्नूप्लॉट हा आलेख काढणारा, १९८६ सालचा प्रोग्राम. त्याला ‘सेट टर्मिनल डंब’ असं सांगितलं, की चित्राची खिडकी उघडतच नाही. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, ७९ रकाने आणि २४ ओळींच्या जागेत, साइनची लाट नुसत्या फुल्याफुल्यांनी उभी राहते. ‘डंब’ म्हणजे मुका. पण मला तो पडदा कधी मुका वाटला नाही. त्याला अक्षरांशिवाय दुसरं काही येत नाही, एवढंच.

अशा आकृतीला ‘आलेख’च म्हणावं, आणि तेही मनापासून. संस्कृतातल्या ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. ऋग्वेदात तो ‘रिख्’ असा भेटतो. एका रूपातून ‘रेखा’ आणि आपली ‘रेघ’ आली, दुसऱ्यातून ‘लेख’ आणि ‘लिहिणं’. रेघ ओढणं आणि अक्षर काढणं ही मुळात एकच हातोटी. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये ‘आलेख्य’ आहे, त्याचा अर्थ चित्रकला. ग्रीक ‘ग्राफेन’चं ‘लिख्’शी नातं नाही, तरी तोही ओरखडण्यापासूनच लिहिण्यापर्यंत पोचला, ‘ग्राफ’ त्याचाच.

पुढे लेखणी आणि कुंचला वेगळे झाले. टर्मिनलवर मात्र ते पुन्हा एकत्र येतात. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये एक अष्टमांशापासून पूर्ण चौकटीपर्यंत आठ उंचींचे ठोकळे आहेत. ‘क’ला जसा क्रमांक, तसाच त्यांनाही. ते ओळीत टाइप केले की चढउतार दिसू लागतो. बारीक वळणांसाठी तर ब्रेलची चिन्हं वापरतात. एका चौकटीत आठ ठिपके, म्हणून २५६ आकृत्या. बोटांनी वाचायची लिपी इथे डोळ्यांसाठी रेघ ओढते, हे मला फार सुंदर वाटतं. ‘मजकुरी आलेख’ म्हणण्यापेक्षा याला ‘अक्षरालेख’ म्हणावं, असं मी सुचवेन.

आपली लिपी मात्र इथे अडखळते. ‘स्तंभ’ हाच शब्द घ्या. उच्चारात दोन अक्षरं. युनिकोडमध्ये स, हलन्ताची खूण, त, अनुस्वार, भ असे पाच घटक. आणि टर्मिनल सहसा त्याला तीन घरं देतं. आकृती त्या घरांत नीट बसत नाही. डावीकडे देवनागरी नावं लिहून पुढे खांब काढले, की एक खांब आत सरकतो, दुसरा बाहेर येतो. म्हणून मी नाव शेवटी लिहितो : आधी खांब, मग आकडा, मग नाव.